डिस्क बसली? डेटा अजून उभाच आहे!

लाईट गेली. लाईट आली. पंखा फिरला, ट्यूब लागली, कॉम्प्युटर मात्र उठलाच नाही! आतून फक्त आवाज: टक... टक... टक.

नगर-सोलापूर रस्त्यावरच्या मिरजगावात हा आवाज ऐकून कोणाकोणाच्या पोटात गोळा येईल? लग्नसराईभर शूटिंग करणाऱ्या स्टुडिओवाल्याच्या. रोजचं फॅट-एसएनएफ कॉम्प्युटरवर भरणाऱ्या दूध संकलन केंद्रवाल्याच्या. पतसंस्थेच्या क्लार्कच्या. आणि बारशापासूनचे सगळे फोटो 'डी ड्राइव्ह'मध्ये टाकून निर्धास्त असलेल्या आईच्या.

तर मंडळी, घाबरू नका! आणि पॉवरच्या बटणाला पुन्हा हातही लावू नका! ज्या डेटासाठी आपण हळहळतो, तो बहुतेक वेळा त्याच डब्यात, त्याच जागी ठाण मांडून असतो. कसा? चला, सुसाट निघू या.

माहीत आहे का? एक हार्ड डिस्क फुटलेल्या अवकाशयानातून जमिनीवर आदळली, आणि तरी बोलली!

१ फेब्रुवारी २००३. परतीच्या वाटेवर कोलंबिया यान फुटलं. कल्पना चावला आणि त्यांचे सहा सहकारी गेले. त्या संध्याकाळी आपल्याकडे घराघरात माणसं टीव्हीसमोर सुन्न झाली होती. यानाचे अवशेष टेक्सासभर विखुरले, त्यांचा शोध महिनोन्‌महिने चालला. सुमारे सहा महिन्यांनी एका आटलेल्या तलावाच्या पात्रात एक जळका, काळाठिक्कर डबा मिळाला. सीगेट कंपनीची, जेमतेम काहीशे एमबीची हार्ड डिस्क!

सर्किट बोर्ड जळालेला. सील वितळलेलं. आत माती. तो डबा अमेरिकेतल्या मिनियापोलिसला 'ऑनट्रॅक' या डेटा रिकव्हरी कंपनीकडे गेला. तिथले इंजिनिअर जॉन एडवर्ड्‌स यांनी डेटा साठवणाऱ्या गोल प्लेट्‌स बाहेर काढल्या, रसायनाने धुतल्या, दुसऱ्या चांगल्या ड्राइव्हच्या सांगाड्यात बसवल्या, आणि ९९ टक्के डेटा परत आणला. नव्व्याण्णव!

नशिबानेही साथ दिली. डिस्क अर्धीच भरलेली होती, आणि प्लेटला जिथे इजा झाली तिथे काही लिहिलेलंच नव्हतं. वर सिस्टिम जुनी डॉस. ती फायली इकडेतिकडे न विखुरता सलग लिहायची. आणि त्या डिस्कवर होतं काय? झेनॉन वायूच्या प्रवाहीपणाचा एक प्रयोग. सातही अंतराळवीर गेले, पण अवकाशात केलेलं त्यांचं काम वाया गेलं नाही. २००८ साली ते 'फिजिकल रिव्ह्यू ई' या नियतकालिकात छापून आलं. मला विचाराल तर डेटा रिकव्हरीच्या इतिहासातली ही सगळ्यात मोठी गोष्ट आहे.

आता पृथ्वीवर या. थेट कर्जत तालुक्यात!

रेहेकुरीचं काळवीट अभयारण्य मिरजगावच्याच तालुक्यातलं. जीव घेऊन पळणारा काळवीट ताशी ८० किलोमीटरपर्यंत वेग गाठतो. आणि तुमच्या टेबलाखालच्या डेस्कटॉपमधली डिस्क? साडेतीन इंची ड्राइव्ह मिनिटाला ७,२०० फेरे मारते, म्हणजे सेकंदाला १२०. प्लेटच्या कडेचा वेग काढा: ताशी जवळजवळ १३० किलोमीटर! काळवीट मागे. एसटी तर फारच मागे.

या वेगाने फिरणाऱ्या प्लेटवरून वाचणारं हेड किती उंचीवर तरंगतं? अवघे काही नॅनोमीटर. माणसाचा केस साधारण ८०,००० नॅनोमीटर जाड असतो. म्हणजे हेडच्या वाटेत केस आला तर तो केस राहत नाही, डोंगर होतो. धुळीचा कण, बोटाचा ठसा, धुराचा कण, सगळेच डोंगर!

म्हणून तर डिस्क उघडायची जागा ठरलेली असते: क्लीन रूम. 'क्लास १००' दर्जाच्या खोलीत एका घनफूट हवेत अर्ध्या मायक्रॉनचे किंवा त्याहून मोठे कण १०० पेक्षा जास्त चालत नाहीत. आपल्या घरातल्या साध्या हवेत ते लाखोंनी असतात. मे महिन्यात मिरजगावच्या रस्त्यावर वावटळ उठते तेव्हा तर मोजूच नका. यूट्यूब बघून स्क्रू ड्रायव्हर उचलणाऱ्या हुशार पोरांनो, कृपा करून तो खाली ठेवा.

माहीत आहे का? डिस्कला नाक असतं!

नेहमीच्या हार्ड डिस्कच्या झाकणावर एक बारीक छिद्र असतं, शेजारी सूचना: हे झाकू नका. आतला आणि बाहेरचा हवेचा दाब सारखा राहावा म्हणून फिल्टर लावलेली ती खिडकी. हेड तरंगतं ते हवेवरच. हवा विरळ झाली की त्याचा तोल जातो. म्हणून बहुतेक डिस्कना साधारण ३,०४८ मीटर, म्हणजे १०,००० फूट उंचीची मर्यादा घातलेली असते. आपलं कळसूबाई शिखर १,६४६ मीटर. महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच, आणि तेही आपल्याच अहिल्यानगर जिल्ह्याच्या अकोले तालुक्यात. तिथे लॅपटॉप नेऊन खुशाल काम करा. लेहला मात्र, साडेतीन हजार मीटरवर, जुन्या डिस्कला दम लागू शकतो.

पुढे कंपन्यांनी आतली हवाच बदलली. २०१३ साली एचजीएसटीने हेलियम भरलेली, पूर्ण सीलबंद ६ टीबीची डिस्क बाजारात आणली. फुग्यातला हेलियम डिस्कमध्ये! वायू हलका, प्लेटला घर्षण कमी, वीजही कमी. रिकव्हरीवाल्यांच्या डोक्याला मात्र नवा ताप, कारण झाकण उघडलं की हेलियम भुर्रर्र.

डिलीट झालं? छे, नावच खोडलंय!

ग्रामपंचायतीच्या यादीतून एखाद्याचा घर नंबर खोडला, म्हणून त्याचं घर पडतं का? नाही ना? डिलीटचं तस्संच. कॉम्प्युटर फाइल पुसत बसत नाही, यादीतली नोंद काढतो आणि जागा 'मोकळी' म्हणून जाहीर करतो. फाइल आहे तिथेच असते, त्या जागेवर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत.

'क्विक फॉरमॅट'ही असाच. यादी कोरी, माल शाबूत. पूर्ण फॉरमॅटची गोष्ट वेगळी. विंडोज व्हिस्टापासून पुढे पूर्ण फॉरमॅट मारला की प्रत्येक जागी शून्य लिहिलं जातं. मग हात जोडा.

मग यादीच उडाली तर फायली ओळखायच्या कशा? इथे खरी गंमत! बहुतेक प्रकारच्या फायलींच्या कपाळावर ठरलेली खूण असते. झिप फाइल उघडून कच्चे बाइट्‌स बघा. पहिली दोन अक्षरं पी आणि के! झिपचा जनक फिल कॅट्‌झ, त्याची ही आद्याक्षरं. विंडोजच्या प्रोग्रॅम फाइलची सुरुवात एम आणि झेडने, म्हणजे मायक्रोसॉफ्टचा इंजिनिअर मार्क झ्बिकोव्हस्की. एका माणसाची सही जगातल्या कोट्यवधी कॉम्प्युटरवर! आणि तुमचं आजचं वर्डचं डॉक्युमेंट? आतून तेही झिपच. त्याच्याही कपाळावर पी-के.

रिकव्हरी सॉफ्टवेअर याच खुणा शोधत डिस्कचा कोपरा न्‌ कोपरा पालथा घालतं. क्रिस्तोफ ग्रेनिए यांचं 'फोटोरेक' हे त्यातलं गाजलेलं नाव, आणि ते चक्क फुकट आहे. फाइलचं नाव परत येत नाही, पण फोटो येतो. 'नवरदेव घोड्यावर' हे नाव गेलं तरी नवरदेव परत आला की झालं!

आता कळीचा मुद्दा. दुकानात कॉम्प्युटर नेला की एक वाक्य हमखास ऐकू येतं: 'विंडोज टाकून देतो, होईल चालू.' चालू होईल हो! पण नवीन विंडोज त्याच डिस्कवर, तुमच्या 'मोकळ्या' जाहीर झालेल्या जागांवर जाऊन बसेल. फोटोंच्या उरावर विंडोज! डेटा हवा असेल तर एकच वाक्य ठणकावून सांगा: 'आधी डेटा, मग विंडोज.' रिकव्हरीचं सॉफ्टवेअरसुद्धा त्याच डिस्कवर कधी उतरवायचं नाही. आणि सापडलेल्या फायली? त्या दुसऱ्या डिस्कवर.

माहीत आहे का? हार्ड डिस्कसाठी 'डोनर' शोधावा लागतो!

त्या 'टक टक'चा अर्थ बहुतेक वेळा असा की हेड बिघडलंय. ते प्लेटवरच्या खुणा शोधतंय, सापडत नाहीत, माघारी येतंय, पुन्हा जातंय. प्रत्येक 'टक'सरशी प्लेटवर ओरखडा पडायचा धोका. ओरखडा म्हणजे डेटाचा चक्क भुगा, आणि भुग्यातून फोटो काढायची विद्या अजून जगात कोणाकडे नाही. म्हणून आवाज आला की वायर काढायची. लगेच. 'अजून एकदा लावून बघू' याच हट्टापायी वाचण्यासारख्या डिस्क मरतात, आणि ते मनाला फार लागतं.

लॅबमध्ये मग डोनर ड्राइव्ह शोधतात. तीच कंपनी, तेच मॉडेल, शक्यतो त्याच सुमाराचं उत्पादन. त्याची हेड्‌स काढून आजारी ड्राइव्हला बसवायची. दुरुस्त झालेली डिस्क पुन्हा वापरायला मिळत नाही. ती फक्त एकदा, शेवटची, वाचून घेतात. सेक्टर बाय सेक्टर पूर्ण नक्कल काढायची, सोपे भाग आधी, दुखरे भाग नंतर, आणि पुढचं सगळं काम त्या नकलेवर.

बोर्ड जळला असेल तर 'तसाच दुसरा बोर्ड लावा' ही जुनी युक्ती. एके काळी चालायची. आजच्या डिस्कमध्ये मात्र बोर्डवरच्या एका चिपमध्ये त्याच डिस्कची मोजमापं साठवलेली असतात, प्रत्येक डिस्कची निराळी. ती चिप किंवा तिच्यातला मजकूर नव्या बोर्डवर नेल्याशिवाय डिस्क ओळखच देत नाही. जुळी भावंडं, पण आधार कार्ड वेगळं!

फ्रिजमध्ये ठेवायची आयडिया? नको! थंडगार डिस्क बाहेर काढली की आत दव धरतं. पाण्याचा थेंब आणि नॅनोमीटरचं अंतर, पुढचं तुम्हीच ओळखा.

आणि डिस्क पुराच्या पाण्यात बुडाली तर? इथे उलटीच तऱ्हा. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, मुंबईभर तळमजल्यावरचे कॉम्प्युटर पाण्यात गेले. अशी डिस्क हेअर ड्रायरने वाळवायची नसते! पाणी सुकलं की त्यातला गाळ आणि क्षार प्लेटवर घट्ट बसतात. तज्ज्ञ सांगतात, ओलसरच ठेवा, प्लास्टिकच्या पिशवीत बंद करा, चालू न करता लॅबला पाठवा.

गाणं वाजलं, लॅपटॉप लोळला

माहीत आहे का? जॅनेट जॅक्सनच्या एका गाण्याने लॅपटॉप बंद पडायचे!

'रिदम नेशन', १९८९. मायक्रोसॉफ्टचे रेमंड चेन यांनी २०२२ मध्ये ही भानगड जगाला सांगितली. विंडोज एक्सपीच्या जमान्यात या गाण्यातला एक विशिष्ट सूर मिनिटाला ५,४०० फेरे मारणाऱ्या काही डिस्कच्या नैसर्गिक कंपनाशी तंतोतंत जुळायचा. डिस्क थरथरायची, सिस्टिम कोसळायची. शेजारच्या टेबलावर गाणं लावलं तरी इकडचा लॅपटॉप आडवा! कंपनीने मग तेवढा सूर गाळणारा फिल्टर लॅपटॉपमध्ये बसवला. या गाण्याला सायबर सुरक्षेच्या धोक्यांच्या अधिकृत यादीत नंबरसुद्धा मिळाला आहे.

थांबा, अजून आहे. २००८ साली सन मायक्रोसिस्टिम्सचे ब्रेंडन ग्रेग डेटा सेंटरमध्ये डिस्कच्या रॅकसमोर जोरात ओरडले, आणि स्क्रीनवर डिस्कचा वेग मंदावल्याचा आलेख उमटला. व्हिडिओ जगभर फिरला.

सगळ्यात महागडा आवाज मात्र बुखारेस्टचा. सप्टेंबर २०१६, आयएनजी बँकेच्या डेटा सेंटरमध्ये आग विझवण्याच्या यंत्रणेची चाचणी. वायू एवढ्या जोरात सुटला की आवाज १३० डेसिबलच्या वर गेला, हार्ड डिस्कनी माना टाकल्या, आणि रोमेनियातली बँकेची एटीएम सुमारे दहा तास ठप्प. आग लागलीच नव्हती! तेव्हा वरातीचं शूटिंग करणाऱ्या दोस्तांनो, बॅकअपची डिस्क डीजेच्या बॉक्सवर ठेवू नका. डीजेचा बेस आणि हार्ड डिस्क, दोघांचं जमत नाही.

जिल्ह्याचा जुना रेकॉर्ड

आता श्वास रोखा. डेटा रिकव्हरीत आपल्या अहिल्यानगर जिल्ह्याचा हात कोणी धरू शकत नाही, आणि ही कामगिरी सातशे वर्षांपासूनची आहे!

म्हाइंभट, मूळचे याच जिल्ह्यातल्या सराळ्याचे. तेराव्या शतकात त्यांनी महानुभाव पंथाच्या चक्रधरस्वामींच्या आठवणी, म्हणजेच लीळा, माणसामाणसाकडे जाऊन गोळा केल्या, पडताळल्या, आणि 'लीळाचरित्र' लिहिलं. मराठी गद्याचा पाया. पुढे खिलजीच्या स्वारीच्या धामधुमीत मूळ पोथी हरवली. मास्टर कॉपी गेली! मग? महानुभाव पंथातल्या हिराइसांना लीळा मुखोद्गत होत्या. त्यांच्या स्मरणातून ग्रंथ पुन्हा उभा राहिला. इतरांनीही आपापल्या आठवणीतून पाठ तयार केले, म्हणून आज लीळाचरित्राचे एकाहून जास्त पाठ मिळतात. हिराइसा पाठ त्यातलाच. एका बाईच्या डोक्यात अख्ख्या ग्रंथाचा बॅकअप! हिराइसांचं नाव जिल्ह्यातल्या प्रत्येक कॉम्प्युटर क्लासच्या भिंतीवर लागायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

एवढ्यावर थांबतील ते महानुभाव कसले? त्यांनी पोथ्या सकळ लिपी, सुंदरी लिपी अशा सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवल्या. एन्क्रिप्शन! शतकानुशतकं बाहेरच्या कोणाला वाचता येईना. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी सकळ लिपीची किल्ली शोधली आणि मराठी वाङ्मयाचं एक अख्खं दालन उघडलं.

आणि नेवासा! शके १२१२ म्हणजे इसवी सन १२९० ला तिथे ज्ञानेश्वरी सांगून झाली. पुढच्या तीनशे वर्षांत नकलांवर नकला झाल्या, चुका शिरल्या, पाठ बिघडले. आज याला 'फाइल करप्ट झाली' म्हणतात. पैठणच्या एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ ला, जुन्या प्रती ताडून शुद्ध प्रत सिद्ध केली. वर बजावलं की यात कोणी स्वतःची ओवी घालू नये. फाइल रिपेअर, आणि लगेच 'रीड-ओन्ली'!

आता एकदम १९५६.

जगातली पहिली हार्ड डिस्क, आयबीएमची रॅमॅक. प्रत्येकी २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या. वजन टनाच्या घरात. अख्ख्या सिस्टिमचं भाडं महिन्याला ३,२०० डॉलर. आणि मावायचं किती? ५० लाख अक्षरं, म्हणजे जेमतेम पावणेचार एमबी. मिरजगावच्या बसस्टँडवर मोबाइलने काढलेला एक चांगला फोटो टाकला की डिस्क फुल्ल!

तिथून २००७ मध्ये हिताचीने १ टीबीची डिस्क आणली. त्याच वर्षी भौतिकशास्त्राचं नोबेल आल्बेर फेर आणि पेटर ग्रूनबर्ग यांना मिळालं. ज्या शोधामुळे हेडला अतिशय पुसट चुंबकीय खुणा वाचता येऊ लागल्या, त्याच शोधासाठी. नोबेलचं विज्ञान आपल्या टेबलाखाली धूळ खात पडलेलं असतं, विचार करा!

माहीत आहे का? हार्ड डिस्कच्या जगात एक 'पाटील सिस्टिम्स'ही होती!

जमशेदपूरला जन्मलेले सुहास पाटील आयआयटी खरगपूर, मग एमआयटी करून अमेरिकेत स्थिरावले. १९८१ मध्ये त्यांनी सॉल्ट लेक सिटीत 'पाटील सिस्टिम्स' काढली. १९८४ मध्ये ती 'सिरस लॉजिक' झाली. तिने नाव कमावलं कशावर? हार्ड डिस्क कंट्रोलरच्या चिप्सवर. त्या काळातल्या कितीतरी डिस्क पाटलांच्या तालावर फिरल्या.

झटपट एक: एक टीबीची नवी डिस्क घेतली, विंडोज दाखवतं ९३१ जीबी. ६९ जीबी पळवले कोणी? कोणीच नाही. कंपनी हजारच्या पटीत मोजते, विंडोज १,०२४ च्या. दुकानदाराशी भांडू नका.

झटपट दोन: डिस्क मरण्याआधी सूचना देते का? गुगलने २००७ मध्ये लाखाहून जास्त डिस्कचा अभ्यास मांडला. मेलेल्या डिस्कपैकी निम्म्याहून जास्त डिस्कवर धोक्याच्या चार मोठ्या खुणांपैकी एकही दिसली नव्हती. 'माझी डिस्क तर चांगली चालतेय' याला काही अर्थ नाही. चालता चालताच जाते.

झटपट तीन: एसएसडी, म्हणजे प्लेटऐवजी चिपवाला ड्राइव्ह, घेतलाय? वेग भन्नाट, आवाज शून्य. पण डिलीटच्या बाबतीत तो हार्ड डिस्कपेक्षा कडक! 'ट्रिम' नावाची सोय चालू असली की डिलीट केलेल्या जागा तो स्वतःहून साफ करून टाकतो. वरची घर नंबरची गोष्ट इथे लागू नाही, इथे बुलडोझर येतो. चुकून डिलीट झालं तर मशिन तत्काळ बंद.

झटपट चार: नवीन भारतीय साक्ष्य अधिनियम १ जुलै २०२४ पासून लागू झाला. कोर्टात डिजिटल पुरावा द्यायचा तर सोबतच्या प्रमाणपत्रात 'हॅश' लिहावा लागतो, म्हणजे फाइलच्या बोटाचा ठसा. फाइलमधलं एक अक्षर बदला, हॅश पूर्ण बदलतो. तपासासाठी डिस्क आली की म्हणूनच आधी तिची हुबेहूब नक्कल निघते. मूळ डिस्कवर एक बाइटही लिहिला जाऊ नये यासाठी 'राइट ब्लॉकर' नावाचं यंत्र मध्ये जोडतात.

भंगारात सोनं

माहीत आहे का? ब्रिटनमधल्या वेल्समध्ये एका कचरा डेपोत हजारो कोटी रुपयांची हार्ड डिस्क पुरलेली आहे!

२०१३ मध्ये न्यूपोर्ट शहरातल्या जेम्स हॉवेल्स यांची हार्ड डिस्क कचऱ्यात गेली. तिच्यात सुमारे ८,००० बिटकॉइनची किल्ली! डेपो खणू द्या म्हणून ते वर्षानुवर्षं नगरपालिकेमागे लागले, कोर्टात गेले. जानेवारी २०२५ मध्ये हायकोर्टाने दावा फेटाळला. डिस्क अजून तिथेच, लाखो टन कचऱ्याखाली.

याच्या उलट बाजूही ऐका, कारण ती आपल्याशी जास्त जवळची आहे. एमआयटीचे सिमसन गारफिंकेल आणि अभी शेलत यांनी २००० ते २००२ या काळात १५८ जुन्या डिस्क विकत घेतल्या. ज्या १२९ वाचता आल्या, त्यातल्या फक्त १२ नीट पुसलेल्या होत्या! बाकीच्यांत क्रेडिट कार्डांचे हजारो नंबर, ईमेल, कोणाकोणाच्या आजारपणाची माहिती. एक डिस्क तर थेट एटीएममधली.

जुना कॉम्प्युटर भंगारवाल्याला देताय? बायकोचे, पोरांचे फोटो आणि बँकेची कागदपत्रं सोबत देऊ नका. पूर्ण डिस्कवर एकदा शून्य लिहा. '३५ वेळा पुसावं लागतं' हा १९९६ च्या एका शोधनिबंधातून निघालेला समज आहे. आजच्या हार्ड डिस्कला एकदा नीट पुसलं तरी पुरतं.

आणि ही घ्या 'पिक्सार' या कार्टून सिनेमे बनवणाऱ्या कंपनीची गोष्ट. १९९८. 'टॉय स्टोरी २' बनत होता. कोणीतरी सर्व्हरवर चुकीची कमांड मारली आणि स्क्रीनवर सिनेमा गायब व्हायला लागला. सिनेमातला नायक वूडी, त्याची हॅट गेली, बूट गेले, मग अख्खा वूडी! सुमारे ९० टक्के काम उडालं. बॅकअप काढायला गेले, तर तोही बिघडलेला. तेवढ्यात गॅलिन सुसमन यांना आठवलं: बाळंतपणानंतर घरून काम करता यावं म्हणून त्यांनी सिनेमाची प्रत घरच्या कॉम्प्युटरवर नेलेली! मग तो कॉम्प्युटर ब्लँकेटात गुंडाळून, गाडीच्या मागच्या सीटवर बेल्ट लावून, हळूहळू ऑफिसात आणला. सिनेमा वाचला, १९९९ मध्ये झळकला. तान्ह्या बाळाची कृपा!

घरी एक प्रत, ऑफिसात एक प्रत. याच कल्पनेला पीटर क्रोग यांनी '३-२-१' हा फॉर्म्युला दिला. हे साहेब कॉम्प्युटरवाले नाहीत, फोटोग्राफर! तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, एक दुसऱ्या जागी. मिरजगावच्या स्टुडिओत दोन, आणि एक कर्जतला मेव्हण्याच्या कपाटात. सेट! दरवर्षी ३१ मार्चला 'वर्ल्ड बॅकअप डे' असतो. हिशेबाच्या वर्षाचा शेवट आणि बॅकअपचा दिवस एकच, लक्षात ठेवायला सोप्पं.

जाता जाता चंद्रावर जाऊन येऊ!

१९६६ आणि ६७ मध्ये नासाच्या 'लूनर ऑर्बिटर' यानांनी चंद्राचे जवळून फोटो काढले. ते मोठमोठ्या टेपवर साठवले गेले. टेप वाचणारी यंत्रं कालबाह्य झाली. टेप आहेत, वाचणार कशावर? नासातल्या नॅन्सी इव्हान्स यांनी टेप जपल्या, वाचणारी जुनी यंत्रं वर्षानुवर्षं घरी सांभाळून ठेवली. २००८ च्या सुमारास एक टीम कामाला लागली, यंत्रं दुरुस्त केली, आणि ऑर्बिटरने १९६६ मध्ये टिपलेला, चंद्रामागून उगवणाऱ्या पृथ्वीचा फोटो नव्याने निघाला, पूर्वी कोणी पाहिला नव्हता इतका स्वच्छ.

ही लॅब कुठे होती, माहीत आहे का? कॅलिफोर्नियात, नासाच्या एम्स केंद्राच्या आवारात, बंद पडलेल्या मॅकडोनाल्डच्या हॉटेलात! जिथे एके काळी बर्गर मिळायचे, तिथे टेपची रिळं फिरू लागली. जागेचं नाव पडलं 'मॅकमून्स', आणि टीमने खिडकीत समुद्री चाच्यांचा झेंडा लावला. कवटी आणि दोन हाडं!